सुख मोजायचं, पण कुणाला विचारून?

देशाचं उत्पन्न, साक्षरता, आयुर्मान यांच्या जोडीला आता जगभर सुखाचंही मोजमाप होतं. त्या मोजपट्टीवर लाखांदूरच्या शेतात धान रोवणारी बाई नेमकी कुठे बसते?

दरवर्षी २० मार्चच्या आसपास वर्तमानपत्रात एक छोटीशी बातमी हमखास येते. सुखी देशांच्या यादीत फिनलंड पुन्हा पहिला, भारत पुन्हा शंभराच्या पुढे! २०२४ साली १४३ देशांत आपण १२६वे होतो, २०२५ साली १४७ देशांत ११८वे. बातमी वाचून घराघरांत दोन तऱ्हेची वाक्यं ऐकू येतात. एक, "आपली कुटुंबव्यवस्था त्या लोकांना काय कळणार?" आणि दुसरं, "बरोबरच आहे, इथे कसलं आलंय सुख?" दोन्ही वाक्यं चहाबरोबर संपतात. हा नंबर काढतात तरी कसा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

तर तो असा काढतात. समोरच्या माणसाला सांगायचं, डोळ्यांसमोर एक शिडी आणा. सगळ्यात खालची पायरी शून्य, सगळ्यात वरची दहा. वर तुम्हाला मिळू शकेल असं सर्वांत चांगलं आयुष्य, खाली सर्वांत वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? झालं, एवढाच प्रश्न. साधारण हजारेक लोकांना दरवर्षी तो विचारायचा आणि तीन वर्षांची सरासरी काढायची. उत्पन्न, आयुर्मान, अडीअडचणीला धावून येणारं माणूस, निर्णयाचं स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचार या सहा गोष्टी नंतर पाहतात, पण त्या नंबरामागची कारणं शोधायला. नंबर ठरतो तो शिडीवरच.

हे समजल्यापासून मला एकच चाळा लागला होता. हा प्रश्न आपल्या ओळखीच्या बायकांना विचारला तर?

माझं माहेर लाखांदूरचं. भंडारा जिल्ह्याचं दक्षिणेचं टोक. तालुक्याची हद्द संपली की गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी. चुलबंद आणि वैनगंगेचा हा मुलूख. इटियाडोह धरणाचा कालवा, जुने मालगुजारी तलाव आणि नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ठाणं वडश्याला, त्यामुळे नाटकांची चंगळ! सुखाचा प्रश्न विचारायला याहून चांगला मोका कुठला? मागच्या मंडईला मी माहेरी गेले आणि वही घेऊन बसलेच.

शेजारच्या काकू खळखळून हसल्या. "शिडी चढाचं वय आहे का व माय माझं?" मग म्हणाल्या, "लेक मंडईले आली, नातू आला. लिही दहा."

रोवणीच्या टोळीत वर्षानुवर्षं जाणाऱ्या एक मावशी. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. म्हणाल्या, "रोवण्याच्या दिवसांत इचारलं असतं त दोन म्हटलं असतं. आता धान घरी आला आहे, त सहा लिही. पन पावसानं मारलं असतं, त मंग शिडीच नाही."

बचत गटाचं काम पाहणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "गटात बसली का आठ, घरी आली का पाच."

आणि एक नवी सून. पाच-सहा वर्षं झाली असतील लग्नाला. ओसरीत सासूबाई, सासरे, दीर सगळे बसलेले. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आठ." सगळे खूश. मी निघाले तशी ती मागच्या दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, चार करा जी."

मैत्रिणींनो, आठ आणि चार यांच्यात केवढं अंतर आहे! फिनलंड आणि भारत यांच्यातही एवढं नाही. आणि हे अंतर एकाच बाईच्या दोन उत्तरांतलं आहे, ओसरीवरच्या आणि मागच्या दारातल्या. ही पाहणी नव्हती आणि चौघींवरून कुठला निष्कर्षही काढायचा नाही. पण मोजणाऱ्यांच्या वहीत आपलं ओसरीवरचं उत्तर जातं की मागच्या दारातलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग मी मोजमापाचा सगळा इतिहासच वाचायला घेतला.

खरं तर आधी मोजायचे ते फक्त पैसे. देशात वर्षभरात किती मालाची आणि सेवांची उलाढाल झाली, ते राष्ट्रीय उत्पन्न. गंमत म्हणजे हे उत्पन्न मोजायची पद्धत ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकेच्या संसदेला अहवाल देताना बजावलं होतं, की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही ते ठरवू नका. ऐकतंय कोण!

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा, पवनी, लाखांदूर या भागातली कितीतरी घरं आणि उभा धान पाण्याखाली गेला. पडलेलं घर पुन्हा बांधायला विटा आणल्या, सिमेंट आणलं, गवंड्याची मजुरी दिली. हे सगळं उत्पन्नाच्या हिशेबात जमा! घर बुडाल्याची वजाबाकी मात्र त्या हिशेबात नाही. नवऱ्याने रोज बाटली आणली तर तीही जमा, सरकारला करही मिळतो. आणि बायकोने पहाटे उठून पाणी भरलं, स्वयंपाक केला, म्हाताऱ्या सासूला आंघोळ घातली, तर त्याची नोंद शून्य. तेच काम पगारी बाईने केलं की लगेच उत्पन्नात धरतात.

हे खटकलं म्हणून १९९० साली महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकास निर्देशांक आला. उत्पन्नाबरोबर शिक्षण आणि आयुर्मानही पाहायचं. महाराष्ट्रानेही २००२ आणि २०१२ साली असे अहवाल काढले. २०१२ च्या अहवालात राज्याचा निर्देशांक ०.७५२, मुंबईचा ०.८४१, नंदुरबारचा ०.६०४ आणि आमच्या भंडाऱ्याचा ०.७१८. म्हणजे वर्गातला मधल्या बाकावरचा विद्यार्थी. ना शाबासकी, ना छडी.

पण एका आकड्यात आम्ही पहिल्या बाकावर आहोत बरं का! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ बायका होत्या. भंडारा जिल्ह्यात ९८२, शेजारच्या गोंदियात तर ९९९. मुलगी नको म्हणून गर्भातच मारण्याच्या बातम्या राज्यभरातून येत असताना आमच्या झाडीपट्टीने लेकी जगवल्या. याचा मला फार अभिमान वाटतो, लपवत नाही.

यामागचं एक कारण अर्थतज्ज्ञ प्रणब बर्धन यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. जिथे भात पिकतो तिथे बाईच्या हातांना काम असतं, म्हणून तिथे मुली जगण्याचं प्रमाण गव्हाच्या मुलखापेक्षा बरं असतं. आमच्याकडे पऱ्हे उपटायचे बायकांनी, रोवणी करायची बायकांनी, निंदण करायचं बायकांनी, कापणीलाही बायका. म्हणजे लेक जगते कारण ती कामाची आहे! हे वाचलं आणि माझा अभिमान जरा गप्प झाला.

कारण त्या कामाचा दिवस मी पाहिलेला आहे. जुलै-ऑगस्टात रोवणीवर जाणारी बाई पहाटे चारला उठते. पाणी, झाडलोट, स्वयंपाक, डबे. आठ-नऊला बांधीत. मग दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून, पाठीवर पाऊस झेलत रोवणी. पायांना चिखल्या पडतात, बोटांची सालं निघतात, कंबर रात्री सरळ होत नाही. संध्याकाळी घरी आली की चूल तिची वाटच पाहत असते. रात्री दहाला पाठ टेकते. मोजा तुम्हीच, किती तास झाले ते. आणि ही बाई रक्ताने कशी असते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय होता. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. उत्पन्न वाढलं, शाळा वाढल्या आणि रक्त मात्र कमी झालं.

वेळेचा हिशेब आता सरकारही ठेवू लागलंय. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा वेळ कसा घालवतं याची. सहा वर्षांवरच्या सगळ्यांची. शंभरातल्या ८१ बायका घरचं बिनपगारी काम करत होत्या, पुरुष २६. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात, पुरुषांची ९७. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! हसावं की रडावं?

इथेच मला भूतानचं कौतुक वाटतं. एवढासा डोंगरी देश. तिथले चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी सत्तरच्या दशकात म्हटलं, की राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा. २००८ साली ते त्यांच्या राज्यघटनेतही आलं. आता हे नुसतं बोलणं राहिलं असतं तर आपल्याकडच्या भाषणांत आणि त्यात फरक काय? पण त्यांनी खरोखर मोजायला घेतलं. २०१०, २०१५ आणि २०२२ मध्ये मोठ्या पाहण्या केल्या. मन, आरोग्य, शिक्षण, संस्कृती, कारभार, समाजातला एकोपा, निसर्ग, राहणीमान आणि वेळ अशी नऊ क्षेत्रं, त्यात ३३ निर्देशक. वेळेचा मापदंड तर आपल्या प्रत्येकीने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम करावं लागतं, तो माणूस वेळेच्या बाबतीत गरीब. आणि या कामात घरचं बिनपगारी कामही धरायचं. झोपेचे तासही विचारायचे. असं नीट विचारल्यावर काय दिसलं? आनंदाचा जयघोष करणाऱ्या भूतानमध्येही पुरुषांपेक्षा बायका कमी सुखी निघाल्या. देशाची मान खाली गेली असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी ते छापलं.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेश लागतो. तिथल्या सरकारने २०१६ साली आनंद विभागच काढला. विभाग काढणं सोपं आहे. खरी कसोटी प्रश्न कसा विचारता यात आहे. कुटुंब आरोग्य पाहणीतला एक प्रश्न मला म्हणून फार आवडतो. बाईला विचारतात, तुम्ही स्वतः वापरता असं बँक खातं आहे का? नुसतं 'खातं आहे का' असं विचारत नाहीत. पासबुक कपाटात, अंगठा हिचा आणि पैसे काढायला भलताच, हे सगळं त्या 'स्वतः वापरता' या दोन शब्दांत पकडलं जातं. महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे ७३ बायकांनी या प्रश्नाला हो म्हटलं, त्याआधीच्या पाहणीत निम्म्याही नव्हत्या. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, तेव्हा याच प्रश्नाला आणखी धार आली. पैसे कुणाच्या खात्यात आले हे सरकार सांगेल. ते कुणाच्या हातात राहिले, ते ती बाईच सांगेल.

आणि घर किंवा जमीन? स्वतःच्या किंवा दोघांच्या नावावर असणाऱ्या बायका शंभरात सुमारे २३. रोवणी करणाऱ्या बायकांनी अख्खा तालुका हिरवा केला, पण सातबारावर नाव शोधायला गेलं तर भिंग लागेल. मावशींना मी विचारलं, तुमच्या नावावर काय आहे? म्हणाल्या, "रेशन कार्डावर नाव आहे ना माझं!"

आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती म्हणजे भीती. माझ्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते आमच्या चांगल्या लिंग गुणोत्तरामुळे गेलं नाही. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, तिची शिकणारी मुलगी आणि दोन मुलगे यांना गावातल्या जमावाने मारलं. त्या मायलेकी जिवंत होत्या तोवर जिल्ह्याच्या प्रत्येक चांगल्या आकड्यात त्या जमेला होत्या. शिकलेल्या, कष्ट करणाऱ्या, आपल्या जमिनीसाठी उभ्या राहणाऱ्या. विकासाच्या व्याख्येत जे जे बसतं ते सगळं त्यांनी केलं होतं. गावात त्यांना सुरक्षित वाटतं का, हे मोजणारा कुणी तिथे गेला नव्हता. संध्याकाळनंतर एकटीने वाटेने जाताना मागे वळून पाहावं लागतं की नाही, हा प्रश्न ज्या पाहणीत नाही, ती पाहणी बाईच्या सुखाची नाही, असं मला तेव्हापासून वाटतं.

बायकांना आपलं सुख-दुःख मोजता येत नाही असं मात्र कुणी समजू नये. संधी मिळाली की त्या चोख मोजतात. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या आणि त्यातही बायकांच्या रेट्यामुळे. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं. उभी बाटली की आडवी बाटली? निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. उत्पादन शुल्काचा आकडा सांगतो, दारू खपली म्हणजे तिजोरी भरली. आडव्या बाटलीची मतपेटी सांगते, त्यामुळे आमची रात्र कशी जाते. दोन्ही आर्थिक-सामाजिक निर्देशकच आहेत. फरक एवढाच, की दुसरा गुप्त मतदानातून आलाय. ओसरीवर सगळ्यांसमोर हात वर करायला सांगितलं असतं तर किती बाटल्या आडव्या झाल्या असत्या?

आता मुद्द्यावर येते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. प्रगणक दारात येणार, कुटुंबप्रमुख कोण विचारणार, आणि मग एकेकाची माहिती. "तुमच्या मिसेस काय करतात?" "काही नाही, घरीच असते." या एका वाक्याने शेतात राबणारी, गाई-म्हशी सांभाळणारी, दुकानात बसणारी बाई 'काम न करणारी' ठरते. असं होऊ नये म्हणून १९९१ च्या जनगणनेपासून प्रश्नातच स्पष्ट केलंय, की घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपगारी कामही काम म्हणून धरा. पण प्रश्न कितीही चांगला असला तरी उत्तर देणारा दुसराच असेल तर उपयोग काय?

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. दारात कुणीही वही किंवा मोबाईल घेऊन मोजायला आलं, की पाणी आणून देऊन आत जाऊ नका. बसा. आपल्या कामाबद्दल आपण बोला. शिकलेल्या मुलींनी आपल्या आईला, आजीला, सासूला बाहेर बोलवावं. आणि मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजणी शिक्षिका आहात, अंगणवाडी सेविका आहात. ही मोजणी अनेकदा तुमच्याच खांद्यावर येते. तुम्ही एक करू शकता. 'घरीच असते' हे उत्तर लिहिण्याआधी आणखी एकदा विचारा, आणि तिलाच विचारा. कारण अंगणवाडीत खाऊ किती यायचा, दवाखाना कुठे व्हायचा, मजुरी किती धरायची, पाण्याची टाकी कुठल्या टोल्यात बांधायची, हे पुढची दहा वर्षं त्याच आकड्यांवरून ठरणार आहे.

तोवर आपल्यापुरती एक छोटी मोजणी करून पाहायला काय हरकत आहे? भूतानच्या ३३ निर्देशकांइतकी मोठी नाही. मी सातच प्रश्न काढलेत. गटाच्या बैठकीत, भिशीत, रोवणीच्या बांधावर, कुठेही विचारा. चिठ्ठीवर नाव न लिहिता उत्तरं घ्या.

१. काल रात्री किती तास झोपलात?
२. काल दिवसभरात स्वतःसाठी किती मिनिटं मिळाली?
३. कुणाला न विचारता किती रुपये खर्च करू शकता?
४. घर, जमीन, गाय, यातलं काय तुमच्या नावावर आहे?
५. रात्री-अपरात्री आजारी पडलात तर कोण दवाखान्यात नेईल?
६. घरात किंवा गावात कुणाची भीती वाटते का?
७. या सगळ्यांची उत्तरं घरच्यांसमोर मोठ्याने देता येतील का?

सातव्याचं उत्तर 'हो' असेल, तर शिडीचा प्रश्न खुशाल विचारा. 'नाही' असेल, तर आधी तेवढंच नीट लिहून घ्या.